दादाच्या तारेचे मंगळवार

अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात स्वतःच्या दातांना इतकं जपणारा आणि तेच दात इतक्या हट्टानं बिघडवणारा माणूस माझ्या मावसभावाखेरीज दुसरा सापडणार नाही, हे मी कोणत्याही कागदावर लिहून द्यायला तयार आहे. कागदावर लिहून देणं हे आमच्याकडे तसंही माझंच काम. सगळ्या गोतावळ्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज लहान करत नाही. त्यामुळे बँकेचा फॉर्म असो की दवाखान्याचा, कोणी ना कोणी नांदुऱ्याला माझ्या दारात येऊन उभं राहतं. त्यात दादा सगळ्यात पुढे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, घरची ओलिताची शेती, मिरची आणि वांगी अशी पिकवतो की बाजारात बाया आधी हात लावून पाहतात आणि मग भाव विचारतात. पण दवाखान्याची पायरी दिसली की गडी लहान होतो. "तू चाल बाई संग. तू शिकेल आहेस. डॉक्टर इंग्रजीत बोलली तं मी कुठी पाहू?"

दादाचे वरचे समोरचे दोन दात म्हणजे फोटोत पुढे येण्यासाठी रेटारेटी करणारे दोन पाहुणे. एक दुसऱ्याच्या अंगावर चढलेला, आणि दोघांवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा असा रंग की विटकरीच्या भिंतीनं लाजावं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी जळगाव जामोदकडचं एक स्थळ आलं, तेव्हा मुलगी पाहायला जायच्या आदल्या दिवशी तो दात साफ करायला नांदुऱ्याला आला. दातांच्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, तोंडात नळी धरली आणि पाण्याबरोबर बारीक पावडरचा जोरदार फवारा सोडला. त्याला एअर पॉलिशिंग म्हणतात, हे मी त्याला मागाहून समजावलं. तोंड पुसत तो म्हणाला, "नाव काहीबी ठेव बाई, हे आपल्या फवारणीच्या पंपासारखंच आहे. फक्त अठी कीड म्हणजे मी." दात मात्र असे निघाले की मॅडमही आरसा धरून दोन क्षण बघत राहिल्या. मोटारसायकलचा उजवा आरसा रस्त्याकडून फिरवून तोंडाकडे वळवत दादा संग्रामपूरपर्यंत गेला, आणि वाटेत दिसेल त्याच्याकडे पाहून हसला. गावात शिरल्यावर पानठेल्यावरच्या दोस्तानं विचारलं, "काऊन बे, लग्न करूनच आला काय?"

लग्न झालं नाही. मुलगी चांगली होती, चहाही चांगला होता, पण तिच्या वडिलांना नोकरीवाला पाहिजे होता. हे त्यांनी तोंडावर सांगितलं. दादानं ते ऐकलं आणि घरी येऊन वेगळंच ठरवलं. "नोकरीचं निमित्त आहे बाई. ते मानूस सारा येळ माह्या या दाताकडे पाहून राह्यलं होतं." मी तेव्हा त्याला हसले. आता कळतं, त्याला असा एखादा दोष हवा होता जो दुरुस्त होतो. वावराची नोकरी करता येत नाही. दात सरळ करता येतो.

म्हणून दादानं तार बसवली. दातादातावर चौकोनी टिकल्या आणि त्यांतून ओवलेली तार. मॅडमनी सांगितलं, दोन वर्षं लागतील, कडक काही चावायचं नाही, खर्रा बंद. इतक्या वर्षांचा खर्रा त्यानं त्याच पायरीवर थुंकून टाकला असता, मी हाताला धरून बाजूला नेलं. त्यानंतर दादाचं जगणंच तारेभोवती फिरू लागलं. टिकल्यांवरचे रबर दर महिन्याला बदलायचे, तर याचे रंग पिकाप्रमाणे: मिरचीची लागवड झाली की हिरवे, कपाशी फुटली की पांढरे. शर्टाच्या खिशात बिल पावती नाही, ब्रश. लग्नाच्या मांडवात जेवणं आटोपली की टाकीपाशी उभा राहून पाच-पाच मिनिटं दात घासायचा. नवरदेवापेक्षा पोरं याच्याभोवती जास्त. बुंदीचा लाडू हातानं चुरा करून खायचा. आणि कोणी हसलं तर तोंड पूर्ण उघडून दाखवायचा, "पाय, नीट पाय. हा डावा होता ना, तो अर्धा सरकला."

तार घट्ट करायचा दिवस ठरलेला, महिन्यातला दुसरा मंगळवार. आधी माझ्याकडे चहा, मग दवाखाना, मग पुन्हा माझ्याकडे दुखऱ्या तोंडानं वरण-भात. पाच-सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की गडी चहा अर्धा टाकून पळतो. शर्टाला इस्त्री. आणि "तू चाल बाई संग" हे बंद झालं, ते तर मला लागलंच.

विचारलं तेव्हा भाताकडे बघत सांगितलं. त्याच मंगळवारी मोताळ्याकडच्या एका खेड्यातून एक जण येते. तिलाही तार. शिवणकाम शिकवते, वय तिशीच्या पुढे, लग्न नाही. "घरचे तिले म्हणतात, आता या वयात दात सरळ करून काय करशील. मलेबी तसंच म्हणतात ना." एकदा बाकावर बसलेला असताना याच्या गालात तारेचं टोक रुतत होतं. तिनं पिशवीतून छोटी डबी काढली, त्यातलं मेण चिमूटभर दिलं आणि म्हणाली, टोकावर दाबून ठेवा, रुतणार नाही. "बाई, तिनं मेण देल्लं अन् मी ते गिळलं."

"गिळलं?"

"घाबरलो ना! तिले वाटलं औषध समजून गिळलं. हसली हसली न् डोयात पानी आलं तिच्या. मंग दुसरं देल्लं."

इतकं हसून झाल्यावर दोन माणसं गप्प राहत नाहीत. ती त्याला ब्लाऊजच्या बाहीबद्दल सांगायची, हा तिला मिरचीवरच्या बोकड्या रोगाबद्दल. महिन्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास. बाकीचे एकोणतीस दिवस दादा नांगरत होता की तरंगत होता, देव जाणे.

मग दादाच्या टिकल्या अवेळीच निघायला लागल्या. एका महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दोन. मॅडम वैतागल्या. मला फोन करून म्हणाल्या, "तुमचे भाऊ दगड खातात का?" पुढच्या मंगळवारी मी जरा लवकर घरी आले, तर हा माझ्याच पायरीवर बसून भाजलेल्या मक्याच्या कणसाला समोरच्या दातांनी भिडलेला. मला बघून कणीस मागे लपवलं.

"दादा, हे काय चाललंय?"

"तिची तार दिवाळीनंतर निघणार आहे," तो म्हणाला. "माही त्याच्या आधी निघाली तं मी मंगळवारी कुठी जाऊ?"

"अरे मग बोल ना तिच्याशी! सरळ विचार."

"विचारीन ना. पण तार निघाल्यावर. असा तोंडात लोखंड घेऊन कोनी पोरीले मागनी घालते काय? जरा दात सरळ होऊ दे."

दात सरळ झाल्याशिवाय विचारणार नाही, आणि विचारायला ती भेटावी म्हणून दात सरळ होऊ देणार नाही. मी एवढी शिकलेली, मला ही गाठ सोडवता आली नाही. खरं सांगते, मी तेव्हा गंमत बघत बसले. वाटलं, दिवाळीपर्यंत वेळ आहे.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी ती आतून बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडात तार नव्हती. दादा बाकावर, पुन्हा निघालेली टिकली चिकटवून घ्यायला आलेला. तो सांगतो, ती उभ्यानंच हसली आणि ते हसणं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, इतकं मोकळं. तिनं विचारलं, "तुमची कधी निघते?" हा म्हणाला, "चार महिने म्हणतात." तिनं खांद्यावरची पिशवी नीट केली. मग म्हणाली, "खाण्याचं पथ्य पाळत जा जरा." आणि तिची बस होती, ती गेली.

मी म्हटलं, गाव माहीत आहे, मी येते सोबत, जाऊ. दादानं मान हलवली. "कोनत्या नात्यानं जाऊ बाई? मेण देल्लं म्हणून?"

चार महिन्यांनी त्याची तार निघाली. दात असे ओळीत बसले की गावातले लोक आता त्याचं नाव सांगताना स्वतःच्या दातांकडे बोट दाखवून "ते दातवाले" म्हणतात. स्थळं येतात, हा जात नाही. दर महिन्याच्या त्या मंगळवारी पुन्हा दात पॉलिश करून मागायला लागला, तेव्हा मॅडमनी हात जोडले, "भाऊ, आता सहा महिने येऊ नका, साफ करायला काही उरलेलं नाही." तरी महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी तो नांदुऱ्याला येतोच. कधी बियाणं घ्यायला, कधी काहीच नाही.

परवा आला, चहा पूर्ण प्याला आणि म्हणाला, "बाई, झोपताना लावाची ती प्लेट देल्ली ना मॅडमनं, ते नाई लावली तं दात मांघारी सरकतात म्हणे."

"सरकतात. म्हणून तर लावायची. तू लावतोस ना?"

तो हळूच म्हणाला, "तेबी विसरत असंल ना एखाद्या टायमाले? शिवणाचं काम, थकत असंल." दादा खिडकीपाशी उजेडात जाऊन उभा राहिला, वरचा ओठ बोटानं उचलला आणि म्हणाला, "पाय बरं. डावा. सरकला काय थोडासा?"

मी जवळ जाऊन नीट पाहिलं. दात जागच्या जागी होता, रेसभरही हललेला नव्हता.

"हो," मी म्हटलं, "थोडासा सरकलाय."