पान एकशे बारा

सगळे त्यांना चिकटकाका म्हणत. ग्रंथालयाचे बाइंडर, त्यामुळे हात सदा सरसाने चिकट. आणि एकदा कुणाशी वाकडं आलं की जन्मात सोडायचे नाहीत. कौलांच्या कारखान्याची जुनी पुस्तकं इंटरनेटवर टाकायची ठरलं, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी त्यांना निवृत्तीनंतरही बोलावून घेतलं. जीर्ण पान न फाटता स्कॅनरखाली पसरायला दुसरं होतं कोण!

कारखान्याचा पन्नास वर्षांचा इतिहास हातात आला आणि काकांच्या कपाळावर आठी चढली. एकशे दहानंतर थेट एकशे तेरा. कुठे गेलं पान, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकशे अकरावर छापलं होतं, की भट्टी फुटून चार माणसं मेली ती भट्टीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे. भट्टीवाला म्हणजे काकांचे वडील. ते मरेपर्यंत खाली मान घालूनच चालले. तरुणपणी हे पुस्तक बांधणीला आलं, तेव्हा ते वाक्य दिसताच काकांनी पुढचं काही न वाचता पान ब्लेडने कापलं आणि सरसाच्या शेगडीत घातलं.

बाईंनी दुसरी प्रत शोधली. ती निघाली मालकाच्या नातवाकडे. त्याने पुस्तक दिलं नाही. एकशे अकराचा तेवढा फोटो घेऊन आला आणि काकांच्या टेबलावर टाकला.

काकांनी पहिल्यांदाच शेवटची ओळ वाचली. ‘तथापि सरकारी चौकशीत असे आढळले की, भट्टीला तडा गेल्याचे भट्टीवाल्याने मालकांना तीन वेळा’

"मागची बाजू? एकशे बारा?" काकांनी विचारलं.

"कोरी आहे."

"वाक्य अर्धं ठेवून कुणी पान कोरं सोडतं होय? चाळीस वर्षं पुस्तकं शिवलीत मी. मला अक्कल शिकवू नका!"

"मग दाखवा की तुमच्या प्रतीत," नातू हसला. "माझी घरची आहे. मी बांधील नाही."

तो गेला. काकांना स्वतःचे हात बघवेनात. आपल्या बापाची सुटका आपणच जाळली होती.

संध्याकाळी त्यांनी इंटरनेटवरच्या प्रतीत, गेलेल्या पानाच्या जागी, एका बोटाने टाइप केलं: ‘पान ११२ या प्रतीतून बाइंडरने, म्हणजे भट्टीवाल्याच्या मुलाने, कापून जाळले. दुसरी प्रत मालकांच्या घरी आहे. ते दाखवत नाहीत.’

"काका, हे जगभर दिसेल," बाई म्हणाल्या. "कायमचं तुमच्या माथी राहील."

"राहू दे. इतकी वर्षं बापाच्या माथी होतंच की," काका म्हणाले. "चढवा."