दोघांच्या वजनाची खाच

लग्न होऊन मी निपाणीहून बेळगावला आले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, पण 'आमच्या टिळकवाडीत' हे शब्द माझ्या तोंडात पक्के बसले होते. आमच्या टिळकवाडीत असं करत नाहीत, आमच्या टिळकवाडीत तसं बोलत नाहीत. सासर म्हणजे एका बंगल्याच्या मागच्या बाजूला भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्या आणि नवरा शाळामास्तर. पण माझी मान अशी ताठ, की जणू बंगला, बाग आणि समोरचा रस्ताही माझ्याच नावावर होता. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग जवळ बसवून चहा पाजीन. बावळट होती बिचारी.

आमच्याकडं नागपंचमीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं. त्याला मुराळी म्हणतात. मला भाऊ नव्हता, म्हणून वडीलच मुराळी व्हायचे. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होते आणि त्यांची चैन एकच, कुणाची तरी वापरून झालेली मोटारसायकल. पहिल्या पंचमीला ते तिच्यावरूनच आले. मी नवी इरकल नेसून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर पिशवी धरून मागं बसले.

गाडीचे मागचे, हादरे झेलणारे दोन्ही शॉकअप तेल गळून मेले होते. काकतीपर्यंत मी कळ काढली. पुढं घाटात खड्डा आला की आधी चाक आपटायचं आणि मग मी. संकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा समोर बाक असून मी उभ्यानं चहा प्यायले. घरी पोचल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर, आप्पांच्या देखत मी म्हटलं, "हाडं खिळखिळी झाली बाई. आमच्या टिळकवाडीत असल्या गाडीवर कुणी भाजीची पिशवीसुद्धा ठेवणार नाही."

बायका हसल्या. आप्पाही हसले. मग ते उठून गाडीपाशी गेले आणि मागची सीट तळहातानं दाबून बघत राहिले.

पुढच्या पंचमीला मला सातवा महिना होता. सासूबाईंनी आधीच कळवलं होतं की यंदा पाठवता यायचं नाही. तरी आप्पा आले, तेही मोटारसायकलवरूनच. त्यांनी पिशवीतून आधी लाह्या काढल्या नाहीत, बांगड्या काढल्या नाहीत. काढलं ते एक लाकडी फळकूट, आणि ते गाडीच्या स्टँडखाली सारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. समोरच्या वकिलीणबाई व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या.

आप्पांना त्याचं काही नव्हतं. ते लुगड्याचा काठ दाखवावा तसे मला शॉकअप दाखवत होते. कंपनीचे नवे घेणं ऐपतीबाहेरचं, म्हणून कोल्हापूरच्या भंगारबाजारात त्यांनी मोडीत निघालेल्या एका गाडीचे शोधले होते. गाडी दुसऱ्याच जातीची, आणि शॉकअप तिच्याही कंपनीचे नव्हेत, कुठल्या तिसऱ्याच कारखान्याचे. पण स्प्रिंगा जाड होत्या आणि तेलाचा टिपूसही बाहेर नव्हता. फक्त त्यांची भोकं मोठी निघाली, बोल्ट आत लुडबुडायला लागले. मग आप्पांनी घरच्या जुन्या स्टोव्हची पितळी नळी कापली, कानशीनं घासून तिचे बुश केले आणि भोकात ठोकून बसवले. लांबीलाही शॉकअप बोटभर जास्त होते. त्यामुळं गाडी स्टँडवर घेतली की मागचं चाक जमिनीला टेकायचं आणि गाडी डुगडुगायची. म्हणून ते फळकूट. जिथं जातील तिथं ते बरोबर.

सगळ्यात कौतुक त्यांना खालच्या कड्याचं होतं. स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं, त्याला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाचा. एकटा माणूस असला तर कडं खालच्या खाचेवर ठेवायचं. मागं कुणी बसणार असलं तर फिरवून वरच्या खाचेवर न्यायचं, म्हणजे स्प्रिंग आवळते आणि दोघांचं वजन पेलते. कुठली खाच बरोबर हे बघायला त्यांनी आईला मागं बसवून अख्ख्या निपाणीला फेरी मारली होती. आई पडली काडी, म्हणून तिच्या मांडीवर ज्वारीची पिशवी ठेवली होती.

"पिशवी कशाला?" मी विचारलं.

"तुझ्यासारकं वजन व्हाया नगं व्हय?"

मी गाल फुगवले. आप्पांनी स्टँड काढला, फळकूट पायानं बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी गाडी घट्ट धरली.

"पाठवत न्हाईत ते म्हायतीच हाय मला," ते म्हणाले. "पर नुस्तं बसून तरी बघ, आक्का. मी धरलीया."

एवढंच करायचं होतं. मोरीपासून हौदापर्यंत असतं तेवढं अंतर चालून जायचं आणि टेकायचं. पण पोट हे एवढं, वकिलीणबाई तिथंच उभ्या, आणि माझ्या डोक्यात आमची टिळकवाडी.

"पुढच्या वर्षी बसते, आप्पा."

"व्हय. फुडच्या वर्साला," म्हणाले, आणि फळकूट पुन्हा पिशवीत घातलं.

पुढच्या वर्षी थोरला अंगावर पीत होता. मग धाकटी झाली. मग मला शाळेत नोकरी लागली आणि पंचमीची सुट्टी एका दिवसाची. माहेरी जायचं ते दिवाळीत, लाल बसनं, दोन पोरं आणि ट्रंक घेऊन. आप्पा बस स्टँडवर मोटारसायकल घेऊन हजर असायचे, पण एवढा संसार तिच्यावर कसा मावणार? आम्ही टांगा करायचो. एकदा त्यांनी सीटवरून हात फिरवून माझ्याकडं बघितलं होतं. धाकटी कडेवर भोकाड पसरत होती. मी टांग्यात चढले.

टांग्यापुढं आप्पांची गाडी. खड्डा आला की मागची रिकामी सीट टणकन उडायची आणि तिच्याबरोबर आप्पाही उडायचे. मी पोरांना म्हणायची, "बघा, आजोबा घोड्यावर बसलेत." पोरं टाळ्या पिटायची, आणि त्यांच्यापेक्षा जास्त मीच हसायची.

मग एका दिवाळीत आप्पा स्टँडवर दिसले नाहीत. घरी गेले तर पालथे झोपलेले आणि आई त्यांच्या कमरेला तेल चोळत होती. डॉक्टरांनी मोटारसायकल कायमची बंद केली होती. स्वयंपाकघरात मी आईला म्हटलं, एवढे हौसेनं शॉकअप बसवले होते, मग कंबर गेली कशी?

आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "कडं वरच्या खाचंवर हाय न्हवं. एकट्याला लई कडक पडतंय ते. मी किती येळा सांगितलं, खाली घ्या म्हणून. आयकत न्हवते. म्हणायचे, पोरगी आली म्हंजे पुन्ना पाना कुठं हुडकत बसू?"

मी भाकरी उलटायला म्हणून तव्याकडं तोंड केलं.

त्याच सुट्टीत गाडीला गिऱ्हाईक आलं. ते यायच्या आधी, आप्पा आत पडलेले असताना, मी घरामागच्या परड्यात गेले. गाडी फळकुटावर उभी होती. पदर खोचला आणि मागं बसले, पूर्वीसारखीच, दोन्ही पाय एका बाजूला. काही झालं नाही. सीट जरासुद्धा दबली नाही. सगळं वजन स्टँडवर, आणि स्टँडवरच्या गाडीला मागं कोण बसलंय ते कळत नाही. धरायला माणूस लागतो.

आतून आप्पांनी विचारलं, "कोण हाय गं परड्यात?"

"मीच, आप्पा. कपडे काढतीया वाळलेले."

गिऱ्हाईक म्हणजे एक तरणा शिक्षक होता, लग्न न झालेला. गाडी चालवून बघितली, परत आला आणि म्हणाला, लई आदळतीया. उंबऱ्यात येऊन बसलेल्या आप्पांनी मला हाक मारून आतला पाना मागवला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तिथंच उकिडवं बसून दोन्ही कडी खालच्या खाचेवर घेतली.