आधी साखर बघू

आमच्या घरात मी रागावले की आधी यंत्र येतं, मग माणूस बोलतो. यंत्र म्हणजे ते साखर मोजायचं, बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं.

ही सवय लागली गणपतीत. सकाळचं इन्सुलिन मी वेळेवर घेतलं होतं. त्यात माझी चूक नाही. पण देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, हे लग्न होऊन या घरात आल्यापासूनचं. भटजी उशिरा आले, आरत्या लांबल्या. आणि मोदकांच्या सारणाला सणासाठी आलेल्या जावेने नारळ जाडा खोवला म्हणून मी तिला जे बोलले, ते बोलले. तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग घाम फुटला, हात थरथरायला लागले. ह्यांनी साखरेचं पाणी पाजलं, आणि थोड्या वेळाने मी भिंतीला टेकून रडत बसले. काय बोलले त्यातलं निम्मं मला आठवत नाही. जावेला सगळं आठवतं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. साखर एकदम उतरली की माणूस चिडतो, रडतो, भलतंसलतं बोलतो. चढून राहिली की मरगळतो, कशात मन लागत नाही. आणि उलटंही होतं, म्हणाले. मन खचलेलं राहिलं की साखर ताब्यात राहत नाही. तेव्हा बाईंच्या मनाकडेही बघा. ह्यांनी यातलं पहिलं तेवढं पाठ केलं. शेवटचं दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून आले.

तेव्हापासून टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं तरी, "अगो, बोट दे बघू." ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हटलं तरी, "सकाळी खाल्लंस ना नीट?" कधी कधी साखर खरंच उतरलेली निघायची, खोटं कशाला सांगू! ह्यांचा चेहरा तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखा व्हायचा. माझं मात्र भलतंच झालं. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. संध्याकाळी आगरात सुपाऱ्या वेचताना उगाच डोळे भरून आले, तर रडायच्या आधी मी आठवायला लागले, दुपारी भात किती खाल्ला होता? अशाने फार दमायला होतं.

मे महिन्यात पनवेलला राहणारा आमचा मुलगा आला. दुपारी जेवणं झाली. सगळ्यांनी आंब्यांवर ताव मारला, मला मोजून एक फोड. हात धुऊन आल्यावर ह्यांनी सांगितलं, पावसाआधी आपण पनवेलला जायचं, कायमचं. आगर कुणाला तरी सांभाळायला द्यायचं. दोघांचं आधीच ठरलेलं होतं.

"तुझ्यासाठीच गं आई," मुलगा म्हणाला. "तुझी ही शुगर, हे मूड. इथे तुम्ही दोघंच असता."

"मला नाही जायचं," मी म्हटलं.

"अगो, पण..."

"नाही जायचं म्हटलं ना! ह्या आगरातली एकेक पोफळ मी पाणी घालून वाढवलीय. मला विचारलंत कधी?" माझा आवाज चढला. शेजारच्या पडवीतलं बोलणं थांबलं, इतका चढला.

मुलाने ह्यांच्याकडे बघितलं. हे उठले आणि यंत्र घेऊन आले.

मी बोट पुढे केलं. नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

एकशे बेचाळीस. जेवणानंतर एवढी म्हणजे डॉक्टरांनी पाठ थोपटावी.

"दुसऱ्या बोटावर बघू या," हे म्हणाले. एकशे चव्वेचाळीस. मग मुलाने यंत्र स्वतःकडे घेतलं, नवी पट्टी लावली, तिसरं बोट टोचलं. पुन्हा तेवढीच.

"पट्ट्या जुन्या झाल्यात बहुतेक," तो पुटपुटला.

ह्यांनी डबीवरची तारीख बघितली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तू खरंच रागावलीयस?"

"हो."

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मी जिंकल्यासारखी हसेन. तसं काही झालं नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं, आणि तिन्ही बोटं ठणकत होती. ह्यांनी कापूस घेतला आणि एकेक बोट पुसून दिलं.

"बाबा, पण तिला आत्ता..." मुलगा बोलू लागला.

"थांब," हे म्हणाले. "तिला बोलू दे." आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. गणपतीपासून साठलेलं सगळं सांगायचं होतं.

"आधी ते यंत्र आत ठेवून या," मी म्हटलं. "मग सांगते."