बेबीचा खुळखुळा

चहा आधी संपवा, मग सांगते. ही फजिती ऐकताना माणसं हसतात, आणि माझी गादी नवीन आहे. आता तुम्हीच सांगा, रोज साठ-साठ पोरांना वाचायला शिकवणारी मराठीची बाई, आणि तिला स्वतःला एक साधा कागद धड वाचता येऊ नये?

गोष्ट जुनी. आमचे हे तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीत नुकतेच लागले होते आणि मी कोल्हापुरातच प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझ्या शेजारच्या वर्गावर एस्तरबाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मला ‘अगं सुमन’ म्हणायच्या. आम्ही जैन, म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्या कांदा-लसूण न घातलेली भाजी माझ्यासाठी वेगळी करून आणायच्या. असं कोण कुणासाठी करतं हो?

तर नाताळ दहा दिवसांवर आला आणि एस्तरबाई शाळेच्या पायरीवरून घसरल्या. पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. मी भेटायला गेले तर बाई पायापेक्षा नाताळाचीच काळजी करत बसलेल्या. त्यांच्या चर्चमध्ये नाताळाच्या सकाळी उपासना झाली की नाताळबाबा मुलांना भेटी वाटायचा, आणि त्या भेटी आणायचं काम वर्षानुवर्षं एस्तरबाईंचं. पैसे दरवर्षीएवढेच मिळालेले, वस्तू मात्र महागलेल्या. जास्त खर्च करायचा नाही आणि कुठल्या मुलाला कमीही वाटू द्यायचं नाही, असं ते अवघड गणित.

मी म्हटलं, एवढंच ना? द्या माझ्याकडे. घासाघीस करण्यात माझा हात कोण धरणार? महाद्वार रोडला मला लांबून बघितलं की दुकानदार आत जाऊन बसतात, असं आमचे हे सगळ्यांना सांगायचे. मला तर ती स्तुतीच वाटायची.

एस्तरबाईंनी उशाशी ठेवलेल्या बायबलातून घडी घातलेला एक कागद काढून दिला. "सगळ्यांची नावं आहेत बघ. जे घ्यायचं ते विचार करून घे. कुणी हिरमुसायला नको."

मी तो कागद तिथं उघडला नाही. पर्समध्ये टाकला. झालं, इथंच मी घसरले, आणि मला साधं प्लॅस्टरसुद्धा मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी कागद उघडला. नऊ नावं. प्रत्येक नावापुढं एस्तरबाईंच्या सुबक अक्षरात एक-एक शेरा. बेबी, दात नाहीत, मऊ द्यावे. राजा, आता धरून धरून चालतो. बाळू, एकटा ठेवला की रडतो. छबी, गोड अजिबात नको. तान्ही, मोठ्याने बोलले तरच बघते. पोपट, सगळं अंगावर सांडतो. असंच पुढं.

वाचून माझं मन भरून आलं. काय हो बारीक लक्ष या बाईचं! छबीला जंत झाले असणार, हे मी लगेच ओळखलं. बाळूच्या आईचा तर मला रागच आला. रडतो हे माहीत असून पोराला एकटं ठेवते म्हणजे काय? एका चर्चमध्ये एकदम नऊ दूधपिती पोरं कशी, हा प्रश्न डोक्यात येऊन गेला. पण म्हटलं, देवानं दिलंय, आपण कोण विचारणार.

खेळण्याच्या दुकानात गेले. बेबीला लाखेच्या रंगाचा लाकडी खुळखुळा घेतला. पोपटला लाळेरं. छबीला गोळ्यांच्या ऐवजी शिट्टी, तान्हीला पत्र्याचा ढोल. बाळूसाठी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. शेवटी एक कापडी बाहुली घेतली, म्हटलं पोराला सोबत होईल. राजाला पांगुळगाडा हवाच होता, पण तो परवडेना. मग रंग खरवडलेला एक मागं पडला होता, तो अर्ध्या किमतीत काढून घेतला. दुकानदार बराच वेळ माझ्याकडं आणि त्या ढिगाकडं बघत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "वैनी, घरचीच हायती व्हय सगळी?"

मी सांगितलं, मैत्रिणीची आहेत. त्यानं पुन्हा एकदा ढिगाकडं बघितलं. बिचाऱ्यानं आपण होऊन सांगितलं, काय आवडलं न्हाय तर बदलून न्या.

घरी येऊन पतंगाच्या कागदात सगळं गुंडाळलं, वर नावं लिहिली. पैसे चक्क उरले होते. ते एस्तरबाईंना नेऊन दिले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय काय घेतलंस, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, आता नाताळालाच बघा.

नाताळाच्या सकाळी मी कडक इस्त्रीची साडी नेसून चर्चमध्ये गेले. एस्तरबाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं, पाय स्टुलावर. पुढं सतरंजीवर अकरा मुलं ओळीनं बसली होती, तेल लावून, भांग पाडून. सात-आठ वर्षांपासून बारा-तेरापर्यंतची. ही दादा-ताई मंडळी असणार, म्हटलं. पण तान्ही पोरं कुठं दिसेनात. आत झोपवली असतील.

नाताळबाबा आला. त्यांच्यातलेच एक शिंपीकाका होते, कापसाची दाढी लावून. त्यांनी पोत्यातून पहिला पुडा काढला आणि हाक मारली, बेबी.

कुणी उठेना. पुन्हा हाक मारली. तेव्हा मागच्या बाकावरून काठीचा आवाज आला. "आलो, आलो. जरा दम खा की."

सत्तरीची म्हातारी. पांढरं लुगडं, तोंडात एक दात नाही. मी म्हटलं, नातीचं घ्यायला आली असेल. ती पुढं आली, पुडा घेतला, तिथंच उभ्या उभ्या सोडला आणि खुळखुळ्याकडं बघत राहिली.

मग राजाला बोलावलं. पिळदार पांढऱ्या मिशांचा, सहा फुटी गृहस्थ भिंत धरून धरून पुढं आला. नाताळबाबानं त्याच्या पुढ्यात पांगुळगाडा ठेवला.

एस्तरबाईंकडं बघितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला होता. मी जवळ जाऊन वाकले, तर त्या पुटपुटल्या, "सुमन, कागद उलटून बघितलास का गं?"

पर्समधून कागद काढला आणि उलटला. मागच्या बाजूला अकरा मुलांची नावं, वयं, कुणाला काय हवं ते. रंगपेटी, दोरीच्या उड्यांची दोरी, चेंडू, कंपासपेटी. आणि मी वाचलेली बाजू? चर्चच्या आवारातल्या खोल्यांत राहणारी, दवाखान्यातून निवृत्त झालेली नऊ म्हातारी माणसं. एस्तरबाई दरवर्षी त्यांना घरचा फराळ द्यायच्या. कुणाला काय चालतं, काय सोसतं, ते त्यांनी लिहून ठेवलेलं. छबीबाईंना जंत नव्हते हो, मधुमेह होता.

तुम्ही हसताय. तेव्हा मागच्या बाकांवरचे लोकही हसले. पण मला त्या अकरा मुलांची तोंडं दिसत होती. ती हसत नव्हती. नाताळबाबानं पोत्यात हात घातला की प्रत्येक वेळी सगळी जरा पुढं सरकायची आणि भलतंच नाव आलं की मागं व्हायची. पोतं रिकामं झालं. लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी होती, आठेक वर्षांची. तिनं उठून अगदी हळू विचारलं, "बाबा, आमची नावं संपली?"

एस्तरबाईंनीच सावरलं. मुलांच्या भेटी चार वाजता मिळणार आहेत, असं त्यांनी बसल्या जागेवरून जाहीर केलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

दुकानदारानं बदलून देतो म्हटलं होतं, ते मला आठवलं. म्हटलं, खेळणी गोळा करू आणि बदलून आणू, जादा खर्चही नको. पिशवी घेऊन त्या खोल्यांकडं गेले. राजाभाऊ व्हरांड्यात पांगुळगाडा ढकलत होते, कमरेत वाकून, पण कुणाला न धरता. मी विषय काढायच्या आत म्हणाले, काठीपेक्षा ह्ये बरं हाय, काठी हातातनं पडती, ह्यो पडत न्हाय. छबीबाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली होती. रात्री चक्कर आली तर शेजारणीला हाक मारण्यापेक्षा ही फुंकायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पोपटरावांनी लाळेरं बांधून जेवायला सुरुवात केलेली.

बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. राहिल्या बेबीताई. खोलीच्या उंबऱ्यात बसून खुळखुळा वाजवत होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं खरं खरं सांगितलं. चूक माझी आहे, मुलं खोळंबली आहेत, तेवढा खुळखुळा देता का.

त्यांनी तो पदराखाली घेतला.

"बाई, बाळंतिणीच्या वॉर्डात आया हुतो मी. चाळीस वर्सं दुसऱ्याच्या पोरांपुढं ह्यो वाजवला. आज पयल्यांदा माझं नाव लिवून आलाय. न्हाय देणार."

पिशवी रिकामी घेऊन परत आले.

घरी संक्रांतीच्या साडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, ते काढले. यांना सायकल काढायला लावली आणि डबलसीट बाजारात गेलो. दुकानदार मला बघून उठलाच. बदलायला आलासा व्हय, म्हणाला. मी म्हटलं, नाही, आणखी अकरा निघाली. तो माझ्याकडं, मग यांच्याकडं बघत राहिला. हे म्हणाले, माझ्याकडं बघू नका, मी फक्त सायकल आणलीय. त्या दिवशी मी एका पैशाचीही घासाघीस केली नाही. दुकानदारानंच न मागता एक चेंडू वर टाकला, तुमच्या प्रपंचाला माझ्याकडनं म्हणून.

चार वाजता अकराही पुडे गेले. लाल रिबिनवालीला दोरी मिळाली. तिनं तिथंच आवारात उड्या मारायला घेतल्या, आणि बेबीताई उंबऱ्यात बसून खुळखुळ्यावर तिचा ठेका धरायला लागल्या. एस्तरबाई नुसता माझा हात हातात घेऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं, संपलं. पण सुट्टी संपून शाळा भरली आणि तिसऱ्याच दिवशी, मी फळ्यावर धडा लिहीत असताना, वर्गाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, काखेत कापडी बाहुली. बाळूमामा. सगळा वर्ग टकामका बघायला लागला. मी बाहेर गेले.

त्यांनी बाहुली माझ्या हातात दिली. तक्रार अशी होती की बेबीचा खुळखुळा वाजतो, तान्हीचा ढोल वाजतो, ही मात्र गप बसते. "बायको गेल्यापास्नं खोलीत आवाज न्हाय बगा. वाजणारं कायतरी द्या की बाई."

मी म्हटलं, मामा, आज संध्याकाळी आणते. मग ते बाहुली परत मागायला लागले. ती पण राहू दे म्हणाले, आता सवय झालीया. घेऊन हळूहळू निघून गेले.

एवढ्यात मुख्याध्यापक व्हरांड्यातून येत होते. त्यांनी पाठमोऱ्या बाळूमामांकडं बघितलं आणि मला विचारलं, "कुणाचे पालक होते का, बाई?"

"नाही सर," मी म्हटलं, "मूल होतं."