पाठक सर आणि दोरीवरचं कापड

पाठक सरांसमोर कोणी हसलं, की ते हात वर करून म्हणायचे, "थांबा! नेमकं कशाला हसलात?" हसणारा तिथंच गप्प व्हायचा. सर कॉलेजात शिकवायचे. लोकांची गाणी, गोष्टी आणि विनोद हा त्यांचा जन्माचा अभ्यास. पण त्यांच्याजवळ थोडा वेळ बसलेल्या माणसाला हसू म्हणून येत नसे.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, ते सासूबाईंकडून विहिणीला चिडवायची गाणी घ्यायला. उन्हातून आलेले. अंगणात हातपाय धुतले, दोरीवरचं कापड ओढून तोंड पुसलं आणि उपरण्यासारखं खांद्यावर टाकून घोंगडीवर बसले. ते कापड म्हणजे माझा परकर होता. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आजी, तुमच्या मते विनोद म्हणजे काय?" विचारताना परकराची नाडी बोटाला गुंडाळत होते.

मी दाराआड होते. तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

"थांबा! वहिनी, कशाला हसलात?"

परक्या माणसाला हे सांगायचं कसं? मी आत पळाले. सासूबाई म्हणाल्या, "तिचं काय न्हाई. येडी हाय."

पुढे सरांनी त्यावर निबंध लिहिला, 'ग्रामीण स्त्रीचे निष्कारण हास्य'. नगरला सभेत वाचला, मग मुद्दाम आम्हाला ऐकवायला आले. सासूबाईंनी सगळा ऐकला. "लई भारी लिवलंय, सर. पन कारन हुतं."

सर ताडकन उठले. "काय कारण?"

"तिलाच इचारा."

तेव्हापासून बाजारात दिसले तरी पिशवी खाली ठेवून विचारायचे, "वहिनी, आज सांगता? माझा सगळा सिद्धान्त अडकलाय." मी मेथीच्या जुड्यांकडे बघत राहायचे. ते रागावले मात्र कधी नाहीत. "असू द्या. मी कुठं जातोय?"

आणि गेले.

दहाव्याला मुळा नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. विद्यार्थी म्हणाले, "सर, तुमचा ग्रंथ पुरा करू." मुलगा म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा हलेना. पाठकबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, आता काय राहिलंय तुमचं?" गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी पुढं झाले. "सर, विनोद म्हणजे काय विचारलंत, त्या दिवशी तुमच्या खांद्यावर माझा परकर होता."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "परकर घेऊन विनोदाची व्याख्या विचारली?"

"नाडी बोटाला गुंडाळत."

बाई आधी पदरात हसल्या, मग मोकळ्या हसल्या. मुलगा हसला, विद्यार्थी हसले, गुरुजींच्या हातातला दर्भ सुटला. हसू ओसरल्यावर बघतो तर पिंडाची शितं विखुरलेली. कावळा की कुत्रं, यावर विद्यार्थ्यांत वाद सुरू झाला.

"कावळाच," बाई म्हणाल्या. "इतके हसलो, कुणी 'थांबा' म्हणालं का? पोचलं त्यांना."

घरी आल्यावर कपडे धुतले. इतकी वर्षं मी परकर मोरीत वाळवत होते. त्या दिवशी अंगणातल्या दोरीवर टाकला.