मागून ठेवलेलं पान

उज्ज्वला आमच्या तांड्यावर शिवणकाम करते. कापड एकदा मोजते आणि कापते. नवरा दिग्रसला कामाला जातो. घरी सासरा रूपसिंग. रूपसिंग आणि मी दिग्रसच्याच एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी ट्रकवर चढवायचो. आता दोघंही बसून असतो.

रूपसिंगची बायको सोनीबाई गेली आणि तो घराबाहेर निघेना. दिलं तेवढं खायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी बोलावून थकलो. उज्ज्वलाने बोलावलं नाही. तिने जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. असा खेळ तिने भावाच्या मोबाईलवर पाहिला होता. सुरुवातीला सगळ्यांना सारखी पानं. कापसाची पानं देऊन मध्ये मांडलेल्या 'बाजारा'तून नवी घ्यायची, आपल्या गड्डीत घालून पिसायची. पुढे हातात तीच येतात. ओट्यावर डाव मांडून ती माझ्याशी खेळू लागली. काही दिवसांनी रूपसिंग बाहेर आला, आधी बघायला, मग खेळायला.

अडचण एकाच ठिकाणी होती. 'पाऊस' पडला की समोरच्याचा उघडा कापूस जातो. 'गठाण' टाकली की आपला उघडा कापूस बांधला जातो, मग भिजत नाही. रूपसिंगने पाऊस टाकला, उज्ज्वलाने त्यावर गठाण ठेवली. आधी कोणतं लागू? तांड्यावर थोरांच्या आधी कोणी बोलत नाही. तिने पदर सारखा केला.

"तुमचं पहिले, बापू."

तिचा कापूस गेला. रूपसिंग माझ्याहून मोठा, म्हणून मीही तसंच केलं. तो रोज जिंकू लागला. एके दिवशी त्याने हातातली पानं पालथी ठेवली.

"तुम्ही मले जिंकवून राह्यले. लेकरू हाव काय मी?"

"लेकरू बरं," मी म्हणालो. "ते जिंकल्यावर हसते तरी."

तो उठून आत गेला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

मग उज्ज्वला दारात उभी राहिली.

"बापू, ट्रक खाली करतो तसं खेळू. मागून चढवलेली गठाण पहिले उतरते. मागून ठेवलेलं पान पहिले चालीन."

"अन् मी मोठा हाव त्याचं?"

"ते जेवतानी."

तो उठून बसला. मग ओट्यावर आला.

त्याने पाऊस टाकला. तिने त्यावर गठाण ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गठाणीवर 'वीज गेली' ठेवलं. वीज नाही तर प्रेस चालत नाही, गठाण बांधली जात नाही. उज्ज्वलाने हातातली पानं चाळली. सर्वांत वर 'जनरेटर' ठेवलं. पदराला हात लावला नाही.

"उतरव," रूपसिंग म्हणाला.

तिने वरून एकेक पान उचललं. जनरेटर चालू झाला. वीज गेल्याने काही अडलं नाही. गठाण बांधली गेली. शेवटी पाऊस पडला तो बांधलेल्या गठाणीवर.

"कायले ठेवलं होतं ते जनरेटर?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठीच घेतलं होतं बाजारातून."

"सुनबाई हाय का व्यापारी?" तो मला म्हणाला.

तो डाव तो हरला. पानं गोळा करून पिसायला त्यानेच घेतली. पिसणं काही बरोबर नव्हतं. कोपरे दुमडत होते. उज्ज्वलाने ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता, आपली गड्डी पुढे ठेवून.