एक्केचाळिसावा उतारू

आमच्या हर्सूलच्या गल्लीत बोटवाल्या मामांना भीत नाही असा एकही माणूस नाही, आणि त्यांच्यावर जीव नाही असाही कुणी नाही. पंचाहत्तरीचा, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लांब माणूस. जिथं जातील तिथं माणसं मोजतात. तोंडानं नाही, हातानं. जवळून जाताना डोक्याला हळूच दोन बोटं लावतात आणि पुढं सरकतात. लग्नाची पंगत असो, दवाखान्याचं बाकडं असो, त्यांची बोटं थांबत नाहीत. एकदा सिटी बसमध्ये कंडक्टर चिडला. म्हणाला, "चाचा, टिकट मैं काटरा ना? तुम कायकू गिनरे?" मामा शांतपणे म्हणाले, "तू चढलेले मोजतो, बाबा. उतरलेले कोण मोजतं?" त्यानंतर हर्सूल येईपर्यंत कंडक्टर प्रत्येक उतरणाऱ्याकडं वळून वळून बघत होता.

मामा पूर्वी गोदावरीवर, धरणाच्या पाण्यात, बोट चालवायचे. लोक तिला आगबोट म्हणत. मामा तिचा इतिहास असा सांगतात, जसा कुणी आपल्या घराण्याचा सांगावा. ती पार खालच्या गोदावरीत, आंध्रात जन्मली. पोटात बाभळीची लाकडं आणि कोळसा खाऊन लाकूड, तंबाखू, माणसं वाहायची. म्हातारी झाल्यावर तिचे तुकडे करून ट्रकनं इकडं आणले, जोडले, आणि बॉयलरच्या जागी डिझेलचं इंजिन बसवलं. धुराडं मात्र तसंच ठेवलं. "धुराडं काढलं असतं तर तिला वाटलं असतं आपण मेलो," असं मामा म्हणतात. तिनं कापसाच्या गाठी नेल्या, कडबा नेला, शेळ्या नेल्या, एक अख्खं वऱ्हाड नेलं आणि त्याच वऱ्हाडातली म्हातारी परतताना चादरीत गुंडाळून आणली. कधी कधी, इंजिन डिझेलचं असूनही, त्या धुराड्यातून लाकडाचा धूर यायचा म्हणे. त्याबद्दल विचारलं की मामा एवढंच सांगतात, "तिला जुनं आठवायचं."

बोटीची शिस्त त्यांनी गल्लीत आणली आहे. माझ्या घरी हळदीकुंकवाला सगळ्या बायका पंख्याखाली एका भिंतीला बसल्या होत्या. मामा दारातून ओरडले, "एका अंगाला बसू नका, कलंल!" आणि माझ्या जाडजूड नणंदेला त्यांनी उठवून समोरच्या भिंतीला बसवलं. नणंद वर्षभर आमच्याकडं आली नाही. दुसरी रीत चपलांची. धरणात बुडालेल्या एका गावावरून बोट जायची, तिथं खाली देऊळ होतं, म्हणून उतारू त्या जागी पायातलं काढून हातात घ्यायचे. आता मामा पिठाच्या गिरणीपुढं चपला काढतात, चार पावलं अनवाणी चालतात आणि पुन्हा घालतात. "इथं काय हाय, मामा?" असं गिरणीवाल्यानं विचारलं. "खाली काय हाय ते तुला काय ठावं?" मामा म्हणाले. त्या दिवसापासून मी तिथं दळणाचा डबा खाली टेकवत नाही. गिरणीवाला हसतो, पण सकाळी गिरणी उघडताना तोही उंबऱ्याबाहेर चपला काढतो.

पण पंगतीतलं कुणालाच हसण्यावारी नेता येत नाही. पंगत बसली की मामा मोजतात आणि म्हणतात, "एक कमी हाय." मग शेवटी एक ताट वाढायला लावतात. गेल्या वर्षी शेजारच्या लग्नात तसं ताट वाढलं. अन्नाला कुणी हात लावला नाही. पाण्याचा पेला मात्र रिकामा होता. "वाढप्यानं पिला असंल," आमचे हे म्हणाले. वाढपी शपथा घेत होता.

तो कमी असलेला एक कोण, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. एका फेरीला एक्केचाळीस जण चढले आणि पलीकडच्या काठाला चाळीसच उतरले. दोन दिवस पाण्यात गळ टाकले. काही सापडलं नाही. कुणी हरवल्याचं सांगायलाही आलं नाही. बोट कायमची काठाला लागली, पुढं भंगारात गेली, आणि मामा मुलाकडं हर्सूलला राहायला आले. तेव्हापासून ते त्या एकाला शोधतात.

मी कुणाला कधीच सांगितलं नव्हतं, पण तो एक म्हणजे मी, असं मला वाटत होतं. चौथीनंतरची शाळा पलीकडच्या काठाला, मावशीच्या गावी होती. वडिलांनी मला बोटीत बसवलं आणि ते शेताकडं गेले. मामांची दोन बोटं माझ्या डोक्याला लागली. मग मी फळ्यांच्या फटीतून खालचं काळं पाणी पाहिलं, आणि दोर सुटायच्या आत उतरून बाभळीत लपले. चार दिवसांनी गावात बातमी आली. वडील म्हणाले, "गप ऱ्हा. पोलीस येतील." मी गप्प राहिले. शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन या गल्लीत आले, आणि पुढं काही वर्षांनी समोरच्या ओट्यावर मामा येऊन बसले. रोज त्यांना मोजताना बघायचं आणि रोज तोंड मिटून भाकरी थापायच्या. माझ्या गप्पपणानं एका माणसाचं आयुष्य खाल्लं, हे मला गिळवत नव्हतं.

या उन्हाळ्यात मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ते चाचपडत मोजू लागले. मग एका दुपारी मी ताक घेऊन गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मामा, कुणी बुडलं नाय. ती मी होते. मी आधीच उतरले होते."

मामांनी ताक संपवलं. मिशा पुसल्या.

"ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "लाल परकर. हातात गाठोडं. कापसाच्या गाठीमागून उतरलीस. म्या बघितलं. तुला वजा करूनच एक्केचाळीस."

मी विचारलं, "मग मला हाक का नाय मारली?"

"मारणार व्हतो," मामा म्हणाले. "हाक मारली असती तर तू आली असतीस. अन् त्या दिवशी कोण उतरलं नाय ते अजून मला ठावं नाय. तूच असतीस तर?"

मी ओट्यावर बसले. त्यांनी हात पुढं केला, हवेत थोडा चुकला, मग माझ्या डोक्याला दोन बोटं लागली.

आता रोज दुपारी काम आवरलं की मी त्यांच्याजवळ बसते आणि गल्लीतून जाणारी माणसं त्यांच्यासाठी मोजते. कधी वाटतं, म्हाताऱ्याला एकदा खोटंच सांगावं की आले सगळे, आता झोपा निवांत. काल तसं म्हणायला तोंडही उघडलं. पण त्यांनी माझ्याकडं असा कान केला, की मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "अजून एक यायचंय, मामा."

"मग थांबू की," ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी आमच्या दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा केली.